विश्लेषण : कॅसेटवरचे जुने व्हिडीओ गेम संगणकावर पुन्हा जिवंत कसे होत आहेत?

नव्वदच्या दशकात हिवरखेड, तेल्हारा, अकोटकडच्या ज्या घरांत रंगीत टीव्ही आला, त्यांपैकी काही घरांत पाठोपाठ ‘व्हिडीओ गेम’ही आला. ‘लिटल मास्टर’ किंवा ‘मीडिया’ असे नाव असलेला डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. चित्र आले नाही की कॅसेट काढायची, खाली फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. मारिओ, कॉन्ट्रा, रोड फायटर खेळत मोठी झालेली ही पिढी आज चाळिशीच्या आसपास आहे. डबा केव्हाच भंगारात गेला. मात्र जगभरातले हौशी प्रोग्रामर गेल्या काही वर्षांपासून जुन्या गेमची यंत्रभाषा उलगडून त्यांचा सोर्स कोड नव्याने लिहीत आहेत आणि ते गेम थेट आजच्या संगणकावर चालवत आहेत. या कामाला ‘डिकम्पायलेशन’ म्हणतात. ते कसे चालते, कंपन्यांचा त्याला विरोध का आहे आणि भारतीय कायद्यात ते कुठे बसते, याचा हा आढावा.

नेमके काय घडते आहे?

सुरुवात झाली ती ‘सुपर मारिओ ६४’ पासून. हा गेम निन्टेन्डोने जून १९९६ मध्ये जपानमध्ये ‘निन्टेन्डो ६४’ या यंत्रासाठी आणला. हौशी मंडळींनी त्याची यंत्रभाषा उलगडून लिहिलेला सोर्स कोड २०१९ मध्ये लोकांसमोर आला आणि मे २०२० मध्ये त्यावरून बनवलेली, विंडोज संगणकावर थेट चालणारी आवृत्ती फिरू लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ या १९९८ च्या गेमचे काम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले आणि पुढच्याच वर्षी तोही संगणकावर आला. प्लेस्टेशन २ वरच्या ‘जॅक अँड डॅक्स्टर’ गेमची गोष्ट आणखी वेगळी. तो ज्या भाषेत लिहिला होता, ती त्या कंपनीने स्वतःपुरती तयार केलेली होती. हौशी गटाला आधी ती भाषाच नव्याने उभी करावी लागली.

मे २०२४ नंतर वेग वाढला. झेल्डा मालिकेतला ‘मेजोराज मास्क’ एका नव्या पद्धतीने संगणकावर उतरवण्यात आला. तिला ‘स्टॅटिक रिकम्पायलेशन’ म्हणतात. मार्च २०२५ मध्ये एक्सबॉक्स ३६० वरचा ‘सॉनिक अनलीश्ड’ (२००८) याच मार्गाने आला. या गेमची संगणक आवृत्ती कंपनीने कधीच काढली नव्हती.

इम्युलेटर तर आधीपासून होतेच, मग यात नवे काय?

इम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचे सोंग घेणारा प्रोग्राम. फरक समजायला आपल्याकडच्या रेल्वेचे उदाहरण सोपे पडेल. अकोला-खंडवा मीटरगेज गाडी हिवरखेडवरून जायची, हे इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. मीटरगेजचा डबा ब्रॉडगेजच्या रुळांवर चालत नाही. दोन गेज जिथे मिळत, तिथे माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. इम्युलेटर नेमकी हीच हमाली करतो. जुन्या यंत्राची एकेक आज्ञा उचलायची, आजच्या प्रोसेसरला कळेल अशी करायची आणि पुढे सरकायचे; तीही खेळ चालू असताना, सेकंदाला लाखो वेळा. डिकम्पायलेशनमध्ये गाडीच ब्रॉडगेजची होते. एकदा चाके बदलली की वाटेत उतरवाउतरवी नाही.

याचा फायदा साध्या लॅपटॉपवर दिसतो. निन्टेन्डो ६४ चा प्रोसेसर फक्त ९३.७५ मेगाहर्ट्झचा, पण त्याचे हुबेहूब सोंग घ्यायला संगणकाला त्याच्या कित्येक पट ताकद लागते. उलगडलेला मारिओ मात्र दहा-बारा वर्षांच्या जुन्या संगणकावरही आरामात पळतो, मोबाइलवरसुद्धा. शिवाय हातात सोर्स कोड असल्याने गेममध्ये बदल करता येतात. ‘ओकारिना’ मूळ यंत्रावर सेकंदाला २० चित्रे दाखवत असे. संगणकावर ती ६० किंवा त्याहून अधिक करता येतात, रुंद पडदा भरता येतो, बटणे हवी तशी लावता येतात. एखादा प्रोग्रामर मेनूचा मजकूर मराठीतही आणू शकतो. देवनागरीची जोडाक्षरे दाखवण्यासाठी त्याला वेगळी मेहनत करावी लागेल, एवढेच.

जाता जाता एक गोष्ट. आपल्याकडचे टीव्ही ‘पाल’ पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारे. जपानी आणि अमेरिकी यंत्रे ६० च्या हिशेबाने बनलेली होती. त्यामुळे आपल्या डब्यावरचा मारिओ साधारण सहाव्या हिश्शाने संथ चालायचा. आज संगणकावर तोच गेम लावला की ‘हा एवढा का पळतोय’ असे वाटते. हात वयामुळे मंदावले असतील, पण सगळा दोष वयाचा नाही.

हे काम करतात तरी कसे?

गेम लिहिताना प्रोग्रामर सी सारख्या भाषेत लिहितो : ‘उडी मारली तर उंची एवढी वाढव, जमिनीला पाय टेकले तर थांब.’ कंपायलर नावाचा प्रोग्राम हे वाचून प्रोसेसरला कळणारे आकडे तयार करतो आणि ते आकडे कॅसेटमधल्या चिपवर कोरले जातात. या प्रवासात नावे, टिपा, रचना सगळे गळून पडते. १९८५ च्या पहिल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा सगळा ऐवज ४० किलोबाइटचा, आज मोबाइलवर आलेला एखादा ‘शुभ सकाळ’ फोटो त्याच्यापेक्षा मोठा असतो. ‘मारिओ ६४’ आठ मेगाबाइटचा होता, ‘ओकारिना’ ३२ मेगाबाइटचा.

डिकम्पायलेशन म्हणजे हा प्रवास उलट दिशेने करणे. भाजी चाखून मसाल्यात काय काय पडले हे ओळखण्यासारखेच, पण अट फार कडक. ओळखलेल्या मसाल्याने पुन्हा भाजी करायची आणि ती आधीच्या भाजीशी कणाकणाने जुळली पाहिजे. हौशी गट आधी चिपमधल्या आकड्यांचे छोटे छोटे तुकडे पाडतात. एकेक तुकडा, म्हणजे एकेक फंक्शन, अंदाजाने सी भाषेत लिहितात. मग ते १९९० च्या दशकात वापरला गेलेला तोच कंपायलर वापरून पुन्हा यंत्रभाषेत नेतात आणि मूळ आकड्यांशी ताडून पाहतात. एक बाइटही इकडचा तिकडे झाला तर ते काम पूर्ण धरत नाहीत. निन्टेन्डो ६४ च्या बाबतीत हा कंपायलर सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या महागड्या वर्कस्टेशनवर चालणारा होता. तो आजच्या लिनक्सवर चालावा, यासाठी आधी त्यालाच नव्या संगणकावर आणावे लागले.

‘मारिओ ६४’ पहिला का ठरला, यामागे एक मजेशीर कारण आहे. गेम बाजारात देताना कंपायलरला सहसा ‘कोड आवळून वेगवान कर’ असे सांगितले जाते. त्यात मूळ रचना पार विस्कटते. मारिओच्या जपानी आणि अमेरिकी आवृत्त्यांमध्ये हा पर्याय वापरलेलाच नव्हता. आकड्यांमध्ये मूळ वाक्यांचा सांगाडा जवळजवळ तसाच उरला होता आणि उलट वाचणाऱ्यांचे काम बरेच हलके झाले.

मदतीला आलेल्या साधनांपैकी एकाचा जन्म तर गेमशी काडीचा संबंध नसलेल्या ठिकाणी झाला. ‘घिड्रा’ हा यंत्रभाषा उलगडणारा प्रोग्राम अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने (एनएसए) मार्च २०१९ मध्ये सर्वांसाठी मोफत खुला केला. व्हायरस तपासणारे आणि मारिओ उलगडणारे आज तोच वापरतात. अलीकडे अंदाज बांधण्याचे किचकट काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडेही सोपवले जाते आहे. तिथेही ताडून पाहण्याची अट तीच असल्याने यंत्राने मारलेली थाप लगेच उघडी पडते.

रिकम्पायलेशनची नवी पद्धत यापेक्षा रांगडी आहे. तिच्यात माणसाने अर्थ लावत बसायचे नाही. प्रत्येक यंत्र-आज्ञेचे प्रोग्रामच सी भाषेत शब्दशः रूपांतर करतो आणि ते आजच्या प्रोसेसरसाठी पुन्हा कंपाइल होते. निघणारा कोड माणसाला वाचवत नाही, पण गेम चालतो. जिथे काही वर्षे लागत, तिथे काही महिन्यांत किंवा आठवड्यांत काम होते. चित्रे रंगवणारी चिप आणि आवाज यांची जोडणी मात्र अजूनही माणसांनाच करावी लागते.

कंपन्या स्वतःच जुने गेम का देत नाहीत?

काही देतात. पण अमेरिकेतल्या व्हिडीओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. कधी हक्क तीन कंपन्यांत विखुरलेले असतात, कधी गाण्याचा परवाना संपलेला असतो. आणि कधी कंपनीकडे स्वतःचा सोर्स कोडच नसतो. जपानच्या स्क्वेअर एनिक्सने ‘किंगडम हार्ट्स’ची नवी आवृत्ती काढायला घेतली, तेव्हा मूळ ऐवज हरवल्याने बराच भाग पुन्हा उभारावा लागला. कोनामीच्या ‘सायलेंट हिल’ची २०१२ ची आवृत्ती अर्धवट अवस्थेतल्या कोडवरून बनवली गेली, कारण अंतिम कोड जपून ठेवलेला नव्हता. खेळणाऱ्यांनी त्या आवृत्तीला शिव्या घातल्या, ते अजून विसरलेले नाहीत.

कॅसेटही अमर नाही. ‘ओकारिना’च्या कॅसेटमध्ये प्रगती जपायला एक छोटी बॅटरी असते, ती संपली की जपलेला खेळ पुसला जातो. सीडी-डीव्हीडीचा थर कालांतराने खराब होतो, यंत्रातले कपॅसिटर फुगतात. आपल्या पिवळ्या कॅसेटमध्ये तर खेळ जपायची सोयच नव्हती. भारनियमनात वीज गेली की आठव्या दुनियेत पोहोचलेला मारिओ पहिल्या दुनियेत परत.

मग कंपन्यांचा आक्षेप कशाला?

कोडवर हक्क त्यांचा आहे, हे पहिले. तो पुन्हा जुळवून लिहिला तरी मूळ कृतीचीच नक्कल किंवा रूपांतर ठरू शकतो, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी गटांनी एक वाट काढली आहे. ते चित्रे, संगीत, नकाशे यांपैकी काहीच वाटत नाहीत. फक्त स्वतः लिहिलेला कोड देतात. गेमची प्रत वापरणाऱ्याने स्वतःकडची आणायची. २०२० मध्ये निन्टेन्डोचा मूळ कोड चोरीला जाऊन फुटला, तेव्हा ‘तो पाहायचासुद्धा नाही’ असा नियम काही गटांनी केला. चोरीच्या कागदावरून उत्तर लिहिल्याचा ठपका नको, हा हेतू.

कंपन्यांची वागणूक मात्र सारखी नाही. मे २०२० मध्ये निन्टेन्डोने ‘मारिओ ६४’च्या तयार, चित्रांसकट फिरणाऱ्या संगणक फायली हटवायला लावल्या. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या दोन गेमचा उलगडलेला कोड २०२१ च्या फेब्रुवारीत पुढे आला, तर टेक-टू कंपनीने तो हटवायला लावला आणि सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियात थेट दावा ठोकला. निन्टेन्डोच्या चालू यंत्राचा इम्युलेटर बनवणाऱ्या ‘युझू’ला मार्च २०२४ मध्ये २४ लाख डॉलर देण्याची तडजोड करून दुकान बंद करावे लागले. दुसरीकडे सेगाने २०१७ चा ‘सॉनिक मॅनिया’ चाहत्या प्रोग्रामरांकडूनच बनवून घेतला आणि ‘डूम’चा सोर्स कोड तर त्याच्या निर्मात्यांनी १९९७ मध्येच खुला केला होता. अमेरिकी न्यायालयांनीही सेगा विरुद्ध अकोलेड (१९९२) आणि सोनी विरुद्ध कनेक्टिक्स (२०००) या खटल्यांत, सुसंगत प्रोग्राम बनवण्यासाठी यंत्रभाषा उलगडून अभ्यासणे हा रास्त वापर ठरू शकतो, असे म्हटले आहे. अभ्यास करणे वेगळे आणि पूर्ण कोड सगळ्यांना वाटणे वेगळे. त्या निकालांचा आधार दुसऱ्या गोष्टीला कितपत मिळेल, ही खरी वादाची जागा आहे.

भारतीय कायदा काय म्हणतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये संगणक प्रोग्राम ही ‘साहित्यकृती’ धरली जाते. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. म्हणजे आपल्या हयातीत मारिओ मोकळा होणार नाही, हे गृहीत धरावे. पण कलम ५२ मध्ये सवलती आहेत आणि त्या वाटतात त्याहून उदार आहेत. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला तिची राखीव प्रत करता येते. दुसरा स्वतंत्र प्रोग्राम तिच्याशी जुळवून चालवायला लागणारी माहिती अन्यत्र सहज मिळत नसेल, तर ती काढण्यासाठी आवश्यक ते करता येते. प्रोग्राम कसा चालतो हे तत्त्व समजण्यासाठी त्याचे निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करता येते. आणि स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून, पैसे न कमावता, वैयक्तिक वापरासाठी प्रती किंवा रूपांतर करता येते. या शेवटच्या सवलतीत ‘रूपांतर’ हा शब्द आहे, हे विशेष. स्वतःच्या कॅसेटवरचा गेम स्वतःच्या लॅपटॉपवर चालेल असा करून घेणाऱ्याला तिचा आधार घेता येईल. तोच कोड सगळ्या जगाला देणाऱ्याला ती पुरेल असे वाटत नाही.

कुलूप तोडण्याबाबत २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ अ आहे. संरक्षणाचा तांत्रिक उपाय हक्कभंगाच्या हेतूने मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘हेतू’ ही अट इथे स्पष्ट लिहिलेली आहे. पण कलम ६३ ब हलक्यात घेऊ नये. प्रत बेकायदा आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. वापर व्यवसायासाठी नसेल तर न्यायालय कैद वगळू शकते, दंड कमी करू शकते. गुन्हा तरीही राहतो.

आपली अडचण इथेच सुरू होते. या सगळ्या सवलतींचे दार ‘कायदेशीर प्रत’ या किल्लीने उघडते. ‘९९९९ इन १’ लिहिलेली आपली पिवळी कॅसेट मुळातच नक्कल होती. डबाही बहुधा जपानी यंत्राची नक्कलच. अमेरिकेतल्या चाळिशीच्या माणसाकडे माळ्यावर खरी कॅसेट सापडू शकते; वऱ्हाडातल्या माणसाकडे सापडायची नाही, कारण ती इथे दुकानातच क्वचित आली. त्याने तेव्हा रोख पैसे मोजले, आठवणी खऱ्या आहेत, पण कायद्याच्या दृष्टीने हातात काही नाही. हक्क जपण्याची भाषा करणाऱ्या कंपन्यांनी या बाजारपेठेत तेव्हा माल पाठवला असता तर आज चित्र वेगळे असते, हेही नोंदवले पाहिजे.

भारतात बनलेल्या गेमचे काय?

मारिओला वाचवणारे हजारो आहेत. आपल्या गेमना कोण वाचवणार, हा प्रश्न जास्त बोचरा आहे. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजचा ‘हनुमान : बॉय वॉरियर’ प्लेस्टेशन २ वर आला. त्याच सुमारास देशी खेळांवरचा ‘देसी अड्डा’ आणि २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ आला. हे गेम सुमार होते असे कोणी म्हणेल. असतील. पण कन्सोलवर भारतीय कंपन्यांनी टाकलेली ती पहिली पावले होती, आणि आज ती जुन्या डिस्कवरच शिल्लक आहेत. मुंबईच्या इंडियागेम्ससारख्या कंपन्यांनी नोकियाच्या जमान्यातल्या मोबाइलसाठी बनवलेले गेम तर फोनसोबतच गेले. गंमत म्हणजे हेच गेम उलगडायला सर्वांत सोपे. ते जावा भाषेतले. जावाच्या तयार फायलीत मूळ रचना बरीचशी टिकून राहते. फाइल कोणाकडे सापडली तर अर्धे काम झाल्यासारखेच.

फाइल जपायची जबाबदारी मात्र कायद्याने कोणावरच टाकलेली नाही. पुस्तकांसाठी १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा आहे. छापलेले प्रत्येक पुस्तक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईसह आणखी तीन ठिकाणी द्यावे लागते. १९५६ पासून वृत्तपत्रेही त्यात आली. चित्रपटांसाठी १९६४ पासून पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तरी मूकपटांचा बहुतांश ठेवा आपण गमावला तो गमावलाच. व्हिडीओ गेम यांपैकी कुठेच बसत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला आणि जगभर नावाजला गेला. तीस वर्षांनी त्याचा सोर्स कोड कुठे असेल, हे आजच्या व्यवस्थेत पूर्णपणे त्या कंपनीच्या हार्डडिस्कवर अवलंबून आहे.

घरी करून पाहायचे असेल तर?

शेगाव, अकोला, अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांना यात रस वाटला तर तो वाया जाणारा नाही. यंत्रभाषा वाचणे हेच सायबर सुरक्षेतले मुख्य कौशल्य आहे आणि ते शिकायला मारिओइतका गोड विषय दुसरा नाही. सुरुवात दुसऱ्याच्या गेमपासून न करता स्वतः लिहिलेल्या दहा ओळींच्या सी प्रोग्रामपासून करावी : तो कंपाइल करायचा, घिड्रात उघडायचा आणि आपलेच वाक्य ओळखू येते का ते पाहायचे. पुढची पायरी म्हणून ‘डूम’सारखे निर्मात्यांनीच खुले केलेले कोड आहेत. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनेही ‘कमांड अँड कॉन्कर’ मालिकेतल्या अनेक गेमचा कोड फेब्रुवारी २०२५ मध्ये मोकळा केला आहे. तिथे कायद्याची धास्ती नाही.

ज्यांना फक्त खेळायचे आहे, त्यांनी एक खूण लक्षात ठेवावी. खरा डिकम्पायलेशन प्रकल्प गेम देत नाही. तो कोड देतो आणि प्रत तुमच्याकडे मागतो. ‘सगळे आत आहे, फक्त क्लिक करा’ म्हणणारी फाइल प्रकल्पाची नसते. ती कोणीतरी परस्पर बांधून सोडलेली असते आणि तिच्यात मारिओसोबत आणखी काय शिरेल याचा नेम नाही. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात किंवा सातबारा काढला जातो, त्यावर तर अशी फाइल उघडूच नये.